मणी, तार आणि तीन वेढे

आळंदीला किंवा देहूला गेलात, तर देवळाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या दुकानांत तुळशीच्या माळा टांगलेल्या दिसतात. बहुतेक माळांतील मणी दोऱ्यात ओवलेले असतात. काही माळांची घडण मात्र वेगळी असते. त्यांतील प्रत्येक मण्यातून तारेचा एक लहानसा तुकडा गेलेला असतो. तुकड्याच्या दोन्ही टोकांना वाटोळी कडी असते आणि एका मण्याची कडी शेजारच्या मण्याच्या कडीत अडकवलेली असते. अशा माळेला तारेत गाठवलेली माळ म्हणतात. रुद्राक्ष चांदीच्या तारेत गाठवतात, मंगळसूत्राचे काळे मणी सोन्याच्या तारेत गाठवतात, आणि नथीतले मोतीही सोन्याच्या बारीक तारेनेच जागच्या जागी बांधलेले असतात.

अशी एखादी माळ हातात घेऊन कडीकडे नीट पाहा. काही कड्या नुसत्या वळवून टोकाला टोक भिडवलेल्या असतात. त्यांना आपण साधी कडी म्हणू. काही कड्यांचे उरलेले टोक मात्र मण्यालगत, तारेच्याच अंगाभोवती दोन-तीन वेळा गुंडाळलेले असते. ही वेढ्यांची कडी. दोन्हींतील तार एकच, जाडीही एकच. पण साधी कडी लहान मुलाच्या एका हिसक्याने उघडते आणि मणी घरंगळत जातो, तर वेढ्यांची कडी वर्षानुवर्षे टिकते. नुसत्या तीन वेढ्यांनी एवढा फरक का पडावा?

आळंदीच्या एका अंगाला भोसरी, पिंपरी आणि चिंचवड आहे, तर दुसऱ्या अंगाला चाकण. या पट्ट्यातल्या कारखान्यांत पत्रा दाबून मोटारींचे दरवाजे बनतात, तार वळवून स्प्रिंगा बनतात. मण्याच्या कडीला जे नियम लागू पडतात, तेच या दरवाजांना आणि स्प्रिंगांनाही लागू पडतात. म्हणून हे नियम समजून घेण्यासाठी मोठ्या यंत्राची गरज नाही. हातभर तार, एक पक्कड आणि मूठभर मणी एवढे साहित्य पुरते.

दोरा सोडून तार का?

दोऱ्याच्या माळेत सगळे मणी एकाच दोऱ्याच्या भरवशावर असतात. घामाने, पाण्याने आणि मण्यांच्या भोकांच्या कडांशी घासून दोरा झिजतो. तो एका ठिकाणी तुटला की सगळी माळ विखुरते. तारेत गाठवलेल्या माळेत प्रत्येक मणी आपापल्या तारेत बसलेला असतो. एक कडी उघडली तर माळ त्या जागी सुटेल, फार तर एक मणी हरवेल, बाकीचे जागेवर राहतील.

मग प्रत्येक कडीची फट झाळून, म्हणजे डाग देऊन बंद का करत नाहीत? कडी नुसती धातूची असती तर तसे करता आले असते, आणि सोनसाखळीच्या कड्यांच्या बाबतीत तसे करतातही. पण येथे कडीपासून दोन मिलिमीटरवर मणी आहे. झाळण्यासाठी लागणाऱ्या उष्णतेने तुळशीचे लाकूड करपेल. काचेचा मणी एका बाजूने एकदम तापून तडकेल. मोत्यात कॅल्शियम कार्बोनेटाबरोबर सेंद्रिय द्रव्यही असते, त्यामुळे त्याचे पाणी जाईल. तेव्हा मण्याजवळचा सांधा उष्णता न देताच पक्का व्हायला हवा. तारेचे वेढे हे त्या अडचणीचे उत्तर आहे.

वाकवलेली तार सरळ का होत नाही?

पोलादी पट्टी थोडी वाकवून सोडली तर ती पुन्हा सरळ होते. तांब्याची तार वाकवली तर वाकलेलीच राहते. हा फरक धातूच्या स्थितिस्थापक मर्यादेचा आहे. या मर्यादेच्या आत धातू ताणला तर त्याचे अणू एकमेकांपासून किंचित दूर जातात आणि ओढ काढताच मूळ जागी येतात. मर्यादा ओलांडली की अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात, आणि घसरलेले थर आपण होऊन परत येत नाहीत. तांब्याच्या तारेत ही मर्यादा फार लवकर येते. लांबीत हजारात एक-दोन भागांइतकी वाढ झाली की ती संपते.

आता आपली कडी पाहू. २२ गेजची तार सुमारे ०.७ मिलिमीटर जाड असते. ती ३ मिलिमीटर व्यासाच्या दांडीभोवती वळवली, तर तारेच्या मध्यरेषेची त्रिज्या १.५ अधिक ०.३५, म्हणजे १.८५ मिलिमीटर होते. तारेच्या बाहेरच्या बाजूची त्रिज्या २.२ मिलिमीटर होते. वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो. तेव्हा बाहेरची बाजू मध्यरेषेपेक्षा २.२ भागिले १.८५, म्हणजे सुमारे १.१९ पट लांब झाली. दुसऱ्या शब्दांत, ती १९ टक्के ताणली गेली. आतली बाजू तेवढीच आखडली. मर्यादा हजारात एक-दोन भागांची आणि ताण शंभरात एकोणीस भागांचा! मग कडी कायमची वळलेली राहते यात नवल नाही.

तरीही प्रत्येक वळलेली तार किंचित उलगडते. तिच्या अंगात थोडा स्थितिस्थापक ताण उरलेला असतो आणि पक्कड सोडताच तो मोकळा होतो. ८ मिलिमीटरच्या दांडीवर ०.७ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार वळवून सोडली, तर हिशेबाने कडीचा व्यास ८.३ मिलिमीटरच्या आसपास भरतो. त्याच जाडीची स्प्रिंगची पोलादी तार वळवली तर तो १० मिलिमीटरच्याही पुढे जातो. चाकणच्या कारखान्यांत पत्र्याला आकार देणाऱ्या डाय तयार करताना याच उलगडण्याचा हिशेब आधी करावा लागतो. पत्रा जेवढा वाकायला हवा त्याहून थोडा जास्त वाकवतात, म्हणजे सुटल्यावर तो नेमक्या आकाराला येतो. पत्रा जितका बळकट पोलादाचा, तितकी ही उसळी मोठी. दागिन्याच्या तारेला सोने, चांदी, तांबे असे मऊ धातू का निवडतात, याचे एक कारण येथे कळते. ते सांगितल्या जागी राहतात.

सतरंजीची सुरकुती

धातूचे अणू स्फटिकात ओळीने मांडलेले असतात. एक अख्खा थर दुसऱ्यावरून एकदम सरकवायचा तर किती बल लागेल, याचा हिशेब रशियन शास्त्रज्ञ फ्रेंकेल यांनी १९२६ मध्ये केला. उत्तर चमत्कारिक आले. प्रत्यक्षात मऊ धातू या हिशेबापेक्षा हजारो पटींनी कमी बलाने वाकतात! याचा उलगडा १९३४ मध्ये झाला. टेलर, ओरोवन आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे एकच कल्पना मांडली.

ती कल्पना अशी. दिवाणखान्यात पसरलेली मोठी सतरंजी एका टोकाला धरून ओढू लागलात तर ती हलता हलत नाही. पण एका कडेला सुरकुती पाडून ती सुरकुती हाताने पुढे ढकलत दुसऱ्या कडेपर्यंत नेली, तर अख्खी सतरंजी सुरकुतीइतकी पुढे सरकते, आणि श्रम मात्र फार थोडे लागतात. स्फटिकातही अशा सुरकुत्या असतात. अणूंची एखादी ओळ मध्येच संपलेली असते. या दोषाला स्थानभ्रंश म्हणतात. धातू वाकतो तेव्हा अख्खे थर एकदम घसरत नाहीत. स्थानभ्रंश एकेक पाऊल पुढे सरकतात. १९५६ मध्ये केंब्रिज येथे हर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲल्युमिनियमच्या अतिपातळ पत्र्यातून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिले, तेव्हा हे स्थानभ्रंश खरोखर सरकताना दिसले.

तापवून मऊ केलेल्या धातूच्या एक चौरस सेंटिमीटर छेदातून साधारण दहा लाखांपासून दहा कोटींपर्यंत स्थानभ्रंश जातात. धातू वाकवला, ठोकला किंवा ओढला की त्यांची संख्या वाढत जाते. भरपूर घडाई केलेल्या धातूत ती दहा हजार कोटींच्याही वर पोहोचते. आता ते एकमेकांच्या वाटेत येऊ लागतात.

पुणे-नाशिक रस्ता आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता जेथे एकमेकांना छेदतात, तो चाकणचा चौक आठवा. वाहने थोडी असली की ती सहज सरकतात. कारखान्यांची पाळी सुटण्याच्या वेळी चारही बाजूंनी गर्दी झाली की प्रत्येक वाहन दुसऱ्याला अडवते आणि कोणीच पुढे जात नाही. धातूत स्थानभ्रंशांची अशीच कोंडी होते. ते सरकेनासे झाले की धातू वाकेनासा होतो, म्हणजेच कडक होतो.

यातून आपल्या कडीविषयी एक महत्त्वाची गोष्ट हाती येते. तार मऊ असते म्हणून वळते, आणि वळता वळता कडक होते. कडी घडवण्याच्या क्रियेतच तिला बळकटी मिळते. पण ही बळकटी फुकटची नाही. तारेची वाकण्याची क्षमता तेवढी खर्च झालेली असते. चुकीच्या जागी वाकवून, पुन्हा सरळ करून, पुन्हा वाकवत राहिलो तर ही शिल्लक संपते आणि तार तुटते. म्हणून चांगला कारागीर तार एकदाच आणि नेमक्या जागी वाकवतो.

साध्या कडीचे गणित

साधी कडी ओढल्यावर काय होते? तिच्या माथ्यावर शेजारच्या कडीची ओढ असते. फटीच्या बाजूचे टोक मोकळे असल्याने ते काहीच भार घेत नाही. सगळी ओढ एकाच बाजूच्या अर्ध्या कमानीवर येते आणि कमानीच्या कुशीत तिचे आघूर्ण सर्वांत मोठे असते. हे आघूर्ण म्हणजे ओढ गुणिले कडीची त्रिज्या. ते तारेला पेलवेनासे झाले की कडी उघडते.

तार किती आघूर्ण पेलू शकेल, हे तिच्या जाडीच्या घनावर अवलंबून असते. जाडी दुप्पट केली तर आघूर्ण आठपट. गेजच्या भाषेत बोलायचे तर २२ गेजऐवजी ०.९ मिलिमीटर जाडीची २० गेजची तार घेतली, की कडी दुपटीहून थोडी अधिक बळकट होते. थोडीशी घडाई झालेल्या ०.७ मिलिमीटर तांब्याच्या तारेची ३ मिलिमीटर व्यासाची साधी कडी, हिशेबाने, सुमारे ६ न्यूटन ओढीला उघडू लागते. म्हणजे ६०० ग्रॅम वजन लटकवल्याइतकी ओढ. कडेवरचे तान्हे मूलसुद्धा याहून जोराने ओढते.

त्या तुलनेत तार सरळ ओढून तोडायची तर किती बल लागेल? ०.७ मिलिमीटर तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ ०.३८५ चौरस मिलिमीटर भरते. मऊ तांबे एका चौरस मिलिमीटरला सुमारे २२० न्यूटनपर्यंत टिकाव धरते. गुणाकार केला तर ८५ न्यूटन, म्हणजे साडेआठ किलो वजनाइतकी ओढ. तार साडेआठ किलो पेलू शकते, पण साधी कडी सहाशे ग्रॅमलाच हार खाते. धातूत बळ आहे, ते वापरले मात्र जात नाही.

तीन वेढ्यांनी काय होते?

वेढ्यांच्या कडीत मोकळे टोक उरत नाही. ओढ कडीच्या दोन्ही बाजूंनी वाटली जाते. कडी उघडायची तर गुंडाळलेले टोक तारेभोवती घसरत उलगडले पाहिजे, आणि तेथे घर्षण आडवे येते.

नावाडी होडी खुंटाला बांधताना दोर खुंटाभोवती दोन-तीन वेळा फिरवतो आणि दुसरे टोक हातात सैल धरतो. प्रवाह होडीला ओढत असतो, तरी ती एका हाताने थोपवता येते. याचे गणित गमतीचे आहे. प्रत्येक वेढ्यागणिक घर्षणाची मदत बेरजेने न वाढता गुणाकाराने वाढते. घर्षणाचा गुणांक ०.२ धरला, तर एका पूर्ण वेढ्यानंतर ओढ साडेतीन पटींनी कमी होते. दुसऱ्या वेढ्यानंतर ती १२ पटींनी आणि तिसऱ्यानंतर ४३ पटींनी कमी होते. हा हिशेब लवचीक दोराचा आहे. तार ताठ असते, त्यामुळे तो येथे अंदाजापुरताच घ्यायचा. पण ताठपणाही आपल्याच बाजूचा आहे, कारण वेढा उलगडायचा तर कडक झालेली तार पुन्हा सरळ करावी लागेल.

समजा, माळेवर ८५ न्यूटन ओढ आली. वेढ्यांकडे जाणाऱ्या बाजूवर तिचा निम्मा भाग, साधारण ४२ न्यूटन येईल. तीन वेढ्यांनंतर टोकाशी जेमतेम एक न्यूटन उरेल. नीट दाबून बसवलेले टोक तेवढे सहज सांभाळते. तेव्हा वेढे घट्ट असतील तर कडी ताणाने लांबट होईल, पण सुटणार नाही. शेवटी तुटेल ती तारच. दहा वेढे देण्यात मात्र अर्थ नाही. तिसऱ्या वेढ्यातच काम भागलेले असते, पुढची तार वाया जाते.

वेढ्यांत आणखी एक मौज लपलेली आहे. येथे तार आपल्याच जाडीच्या तारेभोवती वळते. तारेची त्रिज्या र धरली, तर वेढ्याच्या मध्यरेषेची त्रिज्या २र होते आणि बाहेरच्या बाजूची ३र. म्हणजे बाहेरची बाजू मध्यरेषेच्या दीडपट झाली. तार कितीही बारीक असो वा जाड असो, हा ताण ५० टक्केच येतो! मऊ धातू तो सोसतो, आधीच कडक झालेला धातू येथे चिरतो. म्हणूनच तारेची परीक्षा घेण्यासाठी ती तिच्याच जाडीच्या दांडीभोवती वेढून पाहण्याची चाचणी कारखान्यांत वापरतात. वेढा देताना तार चिरली नाही, तर तिची शिल्लक पुरेशी आहे असे समजावे.

उष्णता न देता तार गुंडाळून सांधा करण्याची युक्ती दागिन्यांपुरती राहिली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापासून टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आणि पुढे संगणकांत, धारदार कडांच्या चौकोनी खुंटीवर तार घट्ट गुंडाळून विजेचे हजारो सांधे जोडले गेले. चंद्रावर उतरलेल्या अपोलो यानांतील संगणकातही असे गुंडाळलेले सांधे होते.

सोन्याचा हिशेब

आता सोन्याच्या तारेचा विचार करू, म्हणजे या गणितात पैसा कोठे येतो ते दिसेल. ६ मिलिमीटरचा मणी, ३ मिलिमीटरच्या दोन कड्या आणि दोन्हीकडे तीन-तीन वेढे धरले, तर एका मण्याला ०.७ मिलिमीटर जाडीची सुमारे ६० मिलिमीटर तार लागते. २५ मण्यांना दीड मीटर. २२ कॅरेट सोन्याची घनता पाण्याच्या साधारण १७.७ पट असते. म्हणजे या तारेचे वजन १० ग्रॅमच्या आसपास, सराफी हिशेबाने एक तोळा!

वेढे गाळून साध्या कड्या ठेवल्या तर तार निम्मी लागेल आणि सोने ५ ग्रॅमवर येईल. पण कडी सहाशे ग्रॅमच्या ओढीला उघडेल. आता दुसरा मार्ग पाहा. तार निम्म्या जाडीची, ०.३५ मिलिमीटरची घेतली आणि वेढे मात्र ठेवले. एका मण्याला सुमारे ४२ मिलिमीटर तार लागेल. २५ मण्यांचे सोने २ ग्रॅमच्याही आत बसेल. सोन्याची तार तांब्याइतकीच बळकट धरली, तर तिला तोडायला २१ न्यूटन, म्हणजे दोन किलो वजनाइतकी ओढ लागेल. निम्म्याहून कमी सोने आणि तिपटीहून अधिक बळ! हीच बारीक तार साध्या कडीत वापरली असती, तर जाडीच्या घनाच्या नियमाने ती ८० ग्रॅमच्या ओढीलाच उघडली असती.

जाडी वाढवण्यापेक्षा रचना सुधारणे कसे स्वस्त पडते, याचे हे लहानसे उदाहरण आहे. मोटारीचा पत्रा पातळ ठेवून त्याला घड्या व कंगोरे देऊन ताठ करतात, त्यामागेही हाच विचार असतो.

शुद्ध २४ कॅरेट सोने अशा कामाला फार मऊ पडते. २२ कॅरेट सोन्यात सुमारे साडेआठ टक्के इतर धातू असतात, बहुधा तांबे आणि चांदी. चांदीचा अणू आकाराने सोन्याच्या अणूइतकाच असतो, तांब्याचा मात्र लहान असतो. हे लहान अणू स्फटिकाच्या ओळी जागोजागी किंचित वाकड्या करतात आणि स्थानभ्रंशांच्या वाटेत खाचखळगे निर्माण होतात. त्यामुळे तांब्याच्या मिश्रणाने सोने चांदीपेक्षा अधिक कडक होते.

तापवून पुन्हा मऊ

तार कडक झाली की तिची शिल्लक पुन्हा भरता येते. तांब्याची तार अंधुक लाल होईपर्यंत तापवली की अणूंची हालचाल वाढते, गुंतलेले स्थानभ्रंश नाहीसे होऊ लागतात आणि नवे, निर्दोष स्फटिककण तयार होतात. चौकातील कोंडी सुटते. तार पुन्हा मऊ होते.

येथे बरेच जण एक शंका काढतात. लोहार पोलाद लाल करून पाण्यात बुडवतो, त्याला पाणी पाजणे म्हणतात, आणि त्याने पोलाद कडक होते. मग तापलेली तांब्याची तार पाण्यात बुडवली तर तीही कडक व्हायला नको का? तशी ती होत नाही. पोलादात कार्बन असतो. झटकन थंड केल्यावर तो स्फटिकात अडकून पडतो आणि स्फटिकाची रचनाच बदलते. शुद्ध तांब्यात असे काही घडत नाही. त्यामुळे ते हवेत थंड करा नाहीतर पाण्यात, मऊच राहते.

करून पाहा

२२ गेजची उघडी तांब्याची तार, मोठ्या भोकाचे काचेचे किंवा लाकडी मणी, गोल नाकाची एक पक्कड, चपट्या नाकाची एक पक्कड आणि तार कापायचे कटर घ्या. विजेच्या वायरीतील तार घ्यायची तर वरचे प्लास्टिक सोलून काढा. ते जाळू नका, त्याचा धूर विषारी असतो. मोटारीच्या वेटोळ्यातील लाखेसारखा मुलामा असलेली तारही तापवू नका.

१. तारेचा १२ सेंटिमीटरचा तुकडा कापा. कापताना टोक उडून डोळ्यात जाऊ नये म्हणून त्यावर तळहात धरा. तुकडा कापडात धरून हलकेच ओढला की सरळ होतो.

२. एका टोकापासून ४ सेंटिमीटरवर तार काटकोनात वाकवा.

३. वाकणापाशी गोल पक्कड धरून टोक तिच्या नाकावरून फिरवा आणि कडी पुरी करा. पक्कड निमुळती असते. दर वेळी तिच्या एकाच जागी तार धरली तरच सगळ्या कड्या सारख्या होतात, म्हणून तेथे शाईची खूण करा.

४. पुढचे मणी जोडताना, वेढे देण्याआधीच आधीच्या मण्याची कडी या कडीत अडकवून घ्या. वेढे दिल्यावर ती आत जाणार नाही!

५. कडी चपट्या पकडीत धरून टोकाचे तीन वेढे तारेभोवती एकाला एक लागून द्या. उरलेले टोक कापा आणि कापलेली धार पकडीने दाबून बसवा, नाहीतर ती त्वचेला टोचेल आणि कपड्यात अडकेल.

६. मणी ओवा, पलीकडे २ मिलिमीटर जागा सोडा आणि दुसरी कडी याच रीतीने करा.

आता परीक्षा. एक मणी साध्या कड्यांचा आणि एक वेढ्यांचा करा. दोन्ही खिळ्याला टांगून खाली पिशवी लटकवा आणि पिशवीत १००-१०० ग्रॅम वजन वाढवत जा. कोणती कडी किती वजनाला उघडली ते वहीत लिहा. खाली पाय ठेवू नका. नंतर कडीचा व्यास दुप्पट करून प्रयोग पुन्हा करा. बल निम्म्यावर येते का?

दुसरा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करायचा. एकाच तारेचे तीन तुकडे घ्या. एक तसाच ठेवा. दुसरा सांडशीत धरून गॅसच्या ज्योतीवर अंधुक लाल करा आणि पाण्यात बुडवा. ज्योतीत जास्त वेळ ठेवू नका, बारीक तार वितळूही शकते. तिसऱ्या तुकड्याचे एक टोक शेगड्यात पक्के करून दुसरे पकडीने वीस वेळा पिळा. आता प्रत्येक तुकडा एकाच जागी ९० अंशांतून पुढे-मागे वाकवा आणि किती वाकणांनंतर तुटतो ते मोजा. तापवलेल्या तुकड्यावर आलेला काळा थर म्हणजे तांब्याचे ऑक्साइड. तो घरी तांब्याची भांडी घासतात तसा चिंच आणि मिठाने निघून जातो.

सर्वांत कच्चा दुवा कोठे असावा?

साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या दुव्याइतके असते, हे आपण जाणतोच. मग सगळे दुवे सारखेच बळकट केले की काम झाले का? येथे थोडे थांबून विचार करायला हवा. आपण केलेली ०.७ मिलिमीटरची माळ साडेआठ किलोची ओढ सोसते. ती गळ्यात असताना कोठे अडकली तर माळ तुटणार नाही, मानेला इजा होईल. लेथसारख्या फिरत्या यंत्रावर काम करताना गळ्यातली माळ काढून ठेवावी लागते, ती याच कारणाने. तेथे न तुटणारी माळ तुटणाऱ्या माळेपेक्षा कितीतरी धोक्याची.

म्हणून शहाणा कारागीर मण्यांच्या कड्यांना वेढे देतो आणि फाशाजवळची एकच कडी साधी ठेवतो. जोराचा हिसका बसला तर तीच उघडते. एकही मणी हरवत नाही, माळ गळ्यातून सुटते, आणि ती कडी पकडीने मिनिटभरात पुन्हा बसवता येते. घरातल्या विजेच्या फ्यूजचे काम हेच असते. काय टिकले पाहिजे हे ठरवावे लागते, तसे काय आधी सुटले पाहिजे हेही ठरवावे लागते.

तुमच्या माळेत ती साधी कडी किती ओढीला उघडावी? मान दुखू नये, पण माळ उगाच सुटूही नये, असा आकडा आधी ठरवा. मग तारेची जाडी आणि कडीचा व्यास हिशेबाने काढा, कडी करा आणि वजने लावून पाहा. हिशेब आणि प्रयोग यांत फरक पडला तर तो का पडला, हे वर्गात चर्चेला घ्या.